सेन्सरचा रात्रदिवा १५ सेकंदांत विझतो, वेळ वाढवता येईल का?

पाऊलवाट

सांगलीच्या घरात झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत लांबट बोळ आहे. सासरे ८३ वर्षांचे, वॉकर घेऊन चालतात, रात्री उठावं लागतंच. त्यांच्यासाठी बोळात भिंतीला चिकटवायचा सेन्सरचा दिवा आणला. तीन बारीक सेलवर चालतो, मध्ये पांढरा घुमट, भोवती सहा एलईडी. माणूस समोर आला की लगेच पेटतो आणि उजेडही पुरेसा आहे. पण पंधरा-सतरा सेकंदांत विझतो. बाबांच्या चालीने तेवढ्यात निम्मा बोळही संपत नाही. अंधार झाला की ते थांबतात आणि दिवा परत पेटावा म्हणून वॉकरवरचा एक हात सोडून हवेत हलवतात. मला भीती नेमकी तेव्हाची वाटते.

मागचे स्क्रू काढून पाहिलं. हिरवी पट्टी, सोळा पायांची एक आयसी, बरेच बारीक भाग, आणि घुमटाखाली गोल धातूचा सेन्सर. वेळ कमीजास्त करायचा स्क्रू कुठेच नाही. धाकट्या दिरांना सोल्डरिंग येतं, घरचा रेडिओ-मिक्सर तेच दुरुस्त करतात. त्यांना नक्की काय सांगू? दोन मिनिटं पेटता राहिला तर काम होईल.

तांबट

ताई, सोळा पायांची आयसी आहे ही चांगली बातमी आहे. भिंग लावून तिच्यावरचा क्रमांक वाचायला सांगा. या स्वस्त दिव्यांत बहुतेक वेळा बीआयएसएस०००१ असते, आणि तिची वेळ कशी ठरते हे तिच्या माहितीपत्रकात सरळ छापलेलं आहे:

पेटण्याचे सेकंद = २४५७६ × रेझिस्टर × कपॅसिटर

रेझिस्टर म्हणजे प्रवाहाला अडवणारा भाग, तो ओहममध्ये धरायचा; कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग, तो फॅरडमध्ये. आयसीच्या आत एक आंदोलक असतो, हे दोन भाग त्याची गती ठरवतात, आणि ठरावीक ठोके मोजून झाले की आयसी दिवा बंद करते. गती मंदावली की तेच ठोके मोजायला जास्त वेळ लागतो.

आता हे दोन भाग शोधायचे. आयसीवरची खाच डावीकडे धरली की खालच्या रांगेतला सर्वांत डावा पाय १ नंबरचा. तिथून उजवीकडे मोजत ८ पर्यंत जा, मग वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ९ ते १६. पाय ३ आणि पाय ४ यांच्यामध्ये जो रेझिस्टर आहे तो आपला, आणि पाय ४ वरून ऋण बाजूकडे जाणारा छोटा कपॅसिटरही आपला. पाय ५ आणि ६ जवळ अशीच दुसरी जोडी असते, तिला हात लावू नका. दिवा विझल्यावर आयसी थोडा वेळ कोणत्याच हालचालीकडे लक्ष देत नाही, तो वेळ त्या जोडीवर ठरतो.

तुमच्या १५-१७ सेकंदांवरून अंदाज बांधतो. कपॅसिटर १० नॅनोफॅरड असेल आणि रेझिस्टर ६८ किलोओहम, म्हणजे वर ६८३ छापलेला, तर गुणाकार १६.७ सेकंद येतो. त्या रेझिस्टरच्या जागी ४७० किलोओहमचा, म्हणजे ४७४ छापलेला लावला तर ११५ सेकंद, जवळपास तुमची दोन मिनिटं. १ मेगओहम लावला तर चार मिनिटांच्या थोडं वर.

पण मी असतो तर रेझिस्टर काढलाच नसता. तो तांदळाच्या कणीएवढा असतो आणि काढताना पट्टीवरचा तांब्याचा पापुद्रा उचकटण्याची भीती असते. त्याऐवजी कपॅसिटरच्या दोन टोकांवर वरून दुसरा कपॅसिटर डाग देऊन बसवायचा. समांतर जोडले की कपॅसिटरांची बेरीज होते. मूळ १० असेल तर त्यावर ४७ नॅनोफॅरडचा (४७३ लिहिलेला) साधा पिवळा किंवा तपकिरी चकतीचा कपॅसिटर लावला की ५७ होतात, म्हणजे वेळ ५.७ पट. सतरा सेकंदांचा दीड मिनिटापेक्षा थोडा जास्त होईल. ६८ चा लावला तर दोन मिनिटं ओलांडेल. या जातीच्या कपॅसिटरला उलटसुलट नसतं. सोल्डरिंगच्या आधी सेल काढून ठेवा एवढं मात्र नक्की सांगा.

तपासतानाची एक गोष्ट. सेल घातल्यावर साधारण मिनिटभर सेन्सर स्थिरावत असतो, त्या काळात दिवा आपोआप पेटतो-विझतो. तेव्हा घड्याळ लावून वेळ मोजू नका.

पारवा

एक वेगळं मत मांडतो. एवढा खटाटोप हवाच का? जवळ प्लग असेल तर अर्ध्या वॅटचा एलईडी झीरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवावा. पूर्वीचे काचेचे झीरो बल्ब नावालाच झीरो होते, १२-१५ वॅट खायचे, म्हणून घरोघरी ते बंद करायची सवय लागली. आताचा अर्ध्या वॅटचा दिवा रोज दहा तास चालला तर वर्षाला दोन युनिटही होत नाहीत. सेन्सर चुकू शकतो, कायम पेटलेला दिवा चुकत नाही. वयस्कर माणसासाठी मी नेहमी हेच सुचवतो.

पाऊलवाट

पारवा, तुमचं बरोबर आहे, खोलीत तोच दिवा लावलाय. बोळात प्लगच नाही. भाड्याचं घर आहे, भिंत फोडून वायरिंग करता येणार नाही. शिवाय पावसाळ्यात वीज जाते तेव्हा खोलीतला दिवाही जातो, सेलवरचा तेवढा चालू राहतो.

तांबट, मनापासून धन्यवाद. आयसीवर तोच क्रमांक आहे! भावजी रविवारी बसणार आहेत.

गवतीचहा

आमचं घर देवगडकडचं. संडास मागीलदारी, अंगण ओलांडून. पावसात पायाखाली विंचूकाटा असायचं भय, त्यामुळे वीज गेल्यावरच्या दिव्याचं महत्त्व मला पुरतं पटतं. पारवांचा सल्ला शहरातल्या फ्लॅटला चालेल, आमच्यासारख्या ठिकाणी सेलवरचा सेन्सर लागतोच.

माझा प्रश्न सेलचा आहे. वेळ सहापट केली तर सेल सहापट लवकर संपणार ना?

तांबट

तितके लवकर नाही, पण फरक चांगलाच पडतो. ढोबळ हिशेब मांडतो. बारीक अल्कलाइन सेलची क्षमता साधारण १००० मिलिअँपिअर-तास धरू. तीन सेल एकामागे एक असले तरी क्षमता तेवढीच राहते, व्होल्ट वाढतात. दिवा विझलेला असतानाही सेन्सर आणि आयसी मिळून ५० मायक्रोअँपिअरच्या आसपास खातात, म्हणजे दिवसाला १.२ मिलिअँपिअर-तास. एलईडी पेटल्यावर ६० मिलिअँपिअर धरा.

रात्री सहा वेळा पेटला आणि दर वेळी २० सेकंद राहिला तर एकूण दोन मिनिटं, म्हणजे २ मिलिअँपिअर-तास. दिवसाचा खर्च ३.२, सेल दहा महिने जातील. तेच दर वेळी ९० सेकंद झाले तर एकूण नऊ मिनिटं, खर्च ९ अधिक १.२, म्हणजे तीन महिन्यांच्या थोडं वर. दर तीन महिन्यांनी तीन सेल हा खर्च मला मान्य आहे.

चार्ज होणारे निकेलचे सेल घातले तर तिघांचे मिळून ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट होतात. बऱ्याच दिव्यांत ते चालतात, उजेड थोडा कमी पडतो.

दुपारची_झोप

माझ्याकडे असाच दिवा आहे पण यूएसबीने चार्ज होणारा, लांब पट्टीचा. उघडला तर आठ पायांची आयसी आणि तिच्यावरचं नाव खरवडून टाकलेलं. दुसऱ्या एका दिव्यात तर आयसीच नाही, नुसता काळा डांबरी ठिपका. तिथे हे सूत्र कसं लावायचं?

हेमाडपंती

तिथे सूत्र लागू पडत नाही. त्यात बहुधा छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी आयसी असते आणि वेळ त्याच्या प्रोग्रॅममध्ये ठरलेली असते. त्यामुळे आतल्या मेंदूच्या नादी न लागता त्याच्या बाहेर काम करायचं.

एलईडी चालवायला पट्टीवर तीन पायांचा एक काळा भाग असतो. त्यावर ए२एसएचबी असं छापलेलं असेल तर तो २३०२ जातीचा मॉसफेट, म्हणजे विजेवर चालणारा बारीक स्विच. मॉसफेटला चालू राहायला गेटवर, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या पायावर, फक्त व्होल्टेज लागतं, प्रवाह जवळजवळ लागतच नाही. म्हणून गेटपाशी एक टाकी भरून ठेवायची आणि ती बारीक छिद्रातून सावकाश रिकामी होऊ द्यायची.

जोडणी अशी. आयसीकडून गेटकडे येणारी रेघ कटरने तोडा. त्या जागी ४१४८ डायोड लावा, पट्ट्याची बाजू गेटकडे. गेट आणि ऋण यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, त्याचं ऋण टोक ऋणाकडेच हवं. त्याच दोन बिंदूंमध्ये १ मेगओहमचा रेझिस्टरही लावा. गेटपासून ऋणाकडे आधीपासून १० किंवा १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तो काढून टाका, नाहीतर टाकी सेकंदांत रिकामी होईल.

हालचाल झाली की आयसी डायोडमधून कपॅसिटर भरते. आयसीने हात काढून घेतला तरी डायोडमुळे भरलेलं उलटं जात नाही. १०० मायक्रोफॅरड गुणिले १ मेगओहम म्हणजे १०० सेकंद. आयसीकडून ३ व्होल्ट येत असतील तर डायोडनंतर गेटवर अडीचच्या आसपास राहतात, मॉसफेट १ व्होल्टच्या आसपास बंद होतो, त्यामुळे हिशेबाने दीड मिनिट येतं. प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून स्वतःहूनही थोडा प्रवाह गळतो. जुना, डबीत वर्षानुवर्षं पडलेला घेऊ नका, २५ व्होल्टचा नवा घ्या.

या पद्धतीचा एक गुण मला फार आवडतो. दिवा एकदम विझत नाही. शेवटचे काही सेकंद उजेड हळूहळू उतरत जातो. चालणाऱ्याला आधीच कळतं आणि तो शांतपणे एक पाऊल टाकतो, सेन्सरला तेवढं पुरतं. अचानक काळोख झाल्यावर माणूस दचकतो, तोल जातो, तो प्रकार टळतो. म्हणून पाऊलवाट यांच्यासारख्या घरात मी हीच पद्धत निवडली असती, सोळा पायांची आयसी असली तरी.

त्या तीन पायांच्या भागावर जे३वाय छापलेलं असेल तर तो मॉसफेट नाही, ८०५० जातीचा साधा ट्रान्झिस्टर आहे. त्याला सतत प्रवाह द्यावा लागतो, मग १ मेगओहमचा हिशेब कोसळतो. तो काढून त्याच जागी २३०२ बसवता येतो. दोघांच्या पायांचा क्रम जुळतो: बेसच्या जागी गेट, एमिटरच्या जागी सोर्स, कलेक्टरच्या जागी ड्रेन. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे भाग किरकोळीत मिळतात.

दुपारची_झोप

जे३वाय आहे. म्हणजे ट्रान्झिस्टरही बदलायचा. ५५५ टायमर लावला तर सोपं नाही का पडणार? कॉलेजात तोच केला होता.

हेमाडपंती

५५५ ने वेळ छान मिळते, १.१ × रेझिस्टर × कपॅसिटर. पण साधा ५५५ नुसता बसून काही मिलिअँपिअर खातो, दिवसरात्र. तुमचा छोटा लिथियम सेल आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामा होईल. लावायचाच तर सीमॉस जातीचा ७५५५ घ्या, तो मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो. आणि तुमच्या दिव्यात लिथियम सेल आहे, तर सोल्डरिंगच्या आधी त्याची एक वायर सोडवून टोकावर टेप गुंडाळा. लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. चुकून लागू नये असं म्हणण्यावर थांबू नका, वायर खरोखर सोडवा.

संत्राबाग

चंद्रपूरहून लिहितोय. आमच्याकडे वेळेपेक्षा वेगळी अडचण आहे. मे महिन्यात हे दिवे आंधळे होतात. थंडीत खोलीच्या दारात उभं राहिलं तरी पेटणारा दिवा उन्हाळ्यात अगदी जवळ गेल्याशिवाय पेटत नाही. सेल नवे असले तरी तेच. आईला वाटलं बिघडला. असं का होतं?

तांबट

बिघडलेला नाही. हा सेन्सर हालचाल पाहतच नाही, उष्णतेतला फरक पाहतो. माणसाच्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडतात, सर्वांत जास्त ९-१० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास. सेन्सरमध्ये एकमेकांच्या उलट जोडलेल्या दोन पट्ट्या असतात. पांढऱ्या घुमटावरच्या भिंगांमुळे खोलीचे फाकांसारखे पट्टे पडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एका पट्टीवर, मग दुसरीवर जास्त ऊब पडते आणि त्यातून संकेत तयार होतो. सगळी खोली एकसारखी तापली तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना खोडतात आणि काहीच होत नाही.

आपली कातडी साधारण ३२ ते ३५ अंशांवर असते. स्लॅबच्या घरात मे महिन्याच्या रात्री भिंती जवळपास तेवढ्याच तापलेल्या असतात. भिंत आणि माणूस यांच्या तापमानात फरकच उरला नाही तर सेन्सरने काय ओळखायचं? महागड्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदना वाढवायची सोय असते. एचसी-एसआर५०१ या प्रसिद्ध मॉड्यूलवर त्यासाठी थर्मिस्टरची (तापमान ओळखणाऱ्या भागाची) जागाही सोडलेली असते, पण विकत मिळणाऱ्यांत ती बहुधा रिकामी असते.

दोन उपाय. एक, दिवा असा लावा की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ दिव्याच्या दिशेने चालत आलं तर पट्टे कमी ओलांडले जातात आणि संकेत कमजोर येतो, उन्हाळ्यात हे फार जाणवतं. दोन, ज्या भिंतीसमोरून माणूस जातो ती भिंत कूलरने थंड होत असेल तर फायदा होतो. मात्र कूलरचा झोत किंवा हलणारा पडदा सेन्सरच्या टप्प्यात नको, रात्रभर दिवा उघडझाप करेल.

संत्राबाग

आमचा दिवा दाराच्या अगदी समोर, म्हणजे माणूस सरळ त्याच्याकडेच येतो. बाजूच्या भिंतीला हलवून बघतो.

रडारचा सेन्सर लावला तर? उष्णतेचा प्रश्नच नको.

हेमाडपंती

आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे मॉड्यूल स्वस्तात मिळतं, आणि ते ३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतं, त्यामुळे उन्हाळा-हिवाळा त्याला सारखाच. वेळ वाढवायचीही सोय आहे: पाठीमागे सी-टीएम लिहिलेल्या जागी कपॅसिटर लावायचा. मुळात दोन सेकंद असतात, ०.२ मायक्रोफॅरडला ५० सेकंद, १ मायक्रोफॅरडला २५० सेकंद.

पण ते पातळ भिंतीपलीकडचंही पाहतं. शेजारच्या खोलीत कोणी कूस बदलली तरी दिवा पेटू शकतो. आणि ते सतत ३ मिलिअँपिअरच्या जवळपास खातं, १००० चे सेल पंधरा दिवसांत संपतील. त्यामुळे ते अडॅप्टरवरच चालवायचं. तुमच्याकडे बोळात प्लग असेल तर जरूर करा.

कडीपत्ता

आमच्याकडे होल्डरमध्ये बसवायचा सेन्सर आहे, २३० व्होल्टवरचा, त्यात आपला नेहमीचा बल्ब लागतो. आतून तीच सोळा पायांची आयसी दिसते. तांबट यांची युक्ती तिथे वापरली तर? बल्ब चालू ठेवून मोजमाप करता येईल म्हणजे किती सेकंद ते लगेच कळेल.

तांबट

कृपा करून करू नका. हे मी सगळ्यांसाठी लिहितो आहे.

त्या होल्डरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टमधून एका कपॅसिटरच्या आधारे थेट कमी व्होल्टेज काढलेलं असतं. आयसीला ५ व्होल्टच मिळत असले तरी ती सगळी पट्टी, ऋण बाजूसकट, मुख्य लाइनला जोडलेली असते. चालू असताना कुठेही हात लागला, मल्टिमीटरची उघडी टोकं लागली, तर २३० व्होल्टचाच झटका बसतो. होल्डर काढल्यावरही तो कपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो. शिवाय सेन्सरच्या आत तुम्ही लावलेला भाग वर्षानुवर्षं बल्बच्या उष्णतेत राहणार.

बाजारात याच प्रकारचे असे होल्डर आणि छताचे सेन्सर मिळतात ज्यांच्या झाकणाखाली वेळ आणि उजेड यांचे दोन छोटे फिरवायचे स्क्रू असतात. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ ठेवता येते. २३० व्होल्टच्या ठिकाणी तेच विकत घ्या. सेलवरच्या दिव्यात चूक झाली तर दिवा जातो. इथे माणूस जाऊ शकतो.

कडीपत्ता

समजलं. स्क्रूवालाच आणते.

पाऊलवाट

काम झालं! भावजींनी ६८ नॅनोफॅरडचा कपॅसिटर वरून बसवला. घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटांच्या थोडं वर राहतो. बाबा आता एका दमात बोळ ओलांडतात, हात सोडावा लागत नाही.

पण एक विचित्र गोष्ट दिसतेय. दोन मिनिटं होत आली की समोर चालणं चालू असलं तरी दिवा विझतोच. मग दोन-तीन सेकंद काही केल्या पेटत नाही, आणि नंतर पेटतो. आधी वेळच इतकी कमी होती की हे लक्षात आलं नव्हतं. हालचाल चालू असेल तर वेळ पुढे ढकलली जायला हवी ना?

तांबट

हवी. ते दोन-तीन सेकंद मी आधी म्हटलं तेच, पाय ५-६ च्या जोडीचे. चालू असताना मुदत न वाढण्याची दोन कारणं असू शकतात.

पहिलं, आयसीचा पाय १. तो धन बाजूला जोडलेला असेल तर प्रत्येक नव्या हालचालीला मोजणी पहिल्यापासून सुरू होते. ऋण बाजूला असेल तर एकदा सुरू झालेली मोजणी संपेपर्यंत आयसी काहीच ऐकत नाही. मल्टिमीटरने पाय १ आणि पाय ७ यांच्यातलं व्होल्टेज पाहा. पाय ७ म्हणजे ऋण. शून्य आलं तर पाय १ ची ऋणाशी असलेली जोडणी तोडून तो पाय ११ ला, म्हणजे धनाला जोडायचा.

दुसरं कारण जास्त नेहमीचं आहे. दिवसा दिवा पेटू नये म्हणून पट्टीवर एक छोटा एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा भाग असतो, वर नागमोडी रेघ असलेली गोल चकती. तो पाय ९ ला जोडलेला असतो. उजेड पडला की पाय ९ खाली जातो आणि आयसी नवी हालचाल स्वीकारत नाही. स्वस्त दिव्यांत हा एलडीआर एलईडींना अगदी खेटून बसवलेला असतो. दिवा पेटला की स्वतःच्याच उजेडाने त्याला दिवस झाला असं वाटतं. मग मुदत कशी वाढणार? एलडीआरवर काळी हीट-श्रिंक नळी चढवा, तोंड बाहेरच्या बाजूला उघडं राहील अशी, म्हणजे एलईडीचा उजेड बाजूने शिरणार नाही. बोळात दिवसाही अंधार असेल तर एलडीआरचा एक पाय कापून टाकला तरी चालेल, पण मग दिवसाही पेटेल आणि सेल जातील.

हेमाडपंती

तांबट यांना अनुमोदन. मुदत वाढायला लागली की कधीकधी उलटी अडचण येते: दिवा विझल्या क्षणी कोणी नसताना परत पेटतो, आणि हे चक्र रात्रभर चालतं. एलईडी बंद झाल्या की सेलवरचा भार अचानक उतरतो, व्होल्टेज उसळी घेतं आणि सेन्सरला ती हालचाल वाटते. सेल अर्धे उतरल्यावर हे जास्त होतं. तसं दिसलं तर पाय ११ आणि पाय ७ यांच्यामध्ये १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धनटोक ११ कडे.

पारवा

हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. तरी एक काळजी मांडतो. बोळाचं झालं, पण संडासाच्या आत काय? वयस्कर माणूस आत दहा मिनिटं बसतो. स्वस्थ बसलेला माणूस या सेन्सरला दिसणारच नाही. आतही असाच दिवा असेल तर तो बसल्या जागी विझेल, आणि उठताना अंधार. उठण्याच्या वेळीच तोल जायची शक्यता जास्त असते.

तांबट

पारवांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, तो आधीच यायला हवा होता. आतल्या दिव्याला सेन्सर नकोच. तिथे प्लग किंवा होल्डर असतोच, तिथे पारवांचा अर्ध्या वॅटचा दिवा रात्रभर चालू ठेवा. बाहेर पडणारा माणूस उजेडातून बोळात येईल आणि दार उघडल्याबरोबर बोळातला सेन्सर त्याला पकडेल.

बोळ लांब असेल तर एक दिवा दोन मिनिटं ठेवण्यापेक्षा दोन दिवे एकेक मिनिट हे जास्त चांगलं. एक पलंगाच्या बाजूला, पाय खाली टाकताच दिसेल असा गुडघ्याच्या उंचीवर, दुसरा बोळाच्या मध्यावर बाजूच्या भिंतीला. खाली लावलेल्या दिव्याचा उजेड फरशीवर पडतो, डोळ्यांवर येत नाही, आणि उंबरा, पायपुसणं, वॉकरचे पाय स्पष्ट दिसतात. एकाचे सेल उतरले तरी दुसरा असतो, हा आणखी एक फायदा.

गवतीचहा

गुडघ्याच्या उंचीवर लावला तर मांजर आणि पाली रात्रभर पेटवत बसतील ना? आमच्या पडवीत दोन मांजरं आहेत.

तांबट

पालीची काळजी नको. तिचं अंग भिंतीएवढंच तापलेलं असतं, सेन्सरला ती सहसा वेगळी दिसत नाही. घुमटावरच चढून बसली तर गोष्ट वेगळी. मांजर मात्र नक्की पेटवणार.

मांजरासाठी घुमटाच्या खालच्या भागावर काळी इन्सुलेशन टेप लावा. घुमट हे एक भिंग नसून अनेक छोट्या भिंगांची जाळी असते, खालच्या रांगा जमिनीलगतचं पाहतात. त्या झाकल्या की सेन्सर फक्त वरचं पाहतो. आधी अर्धा सेंटिमीटर झाका, रात्री बघा, मग वाढवा. सेलोटेप वापरू नका, तिच्या आरपार बरीच ऊब जाते. आणि टेप लावल्यावर घरातलं सर्वांत हळू चालणारं माणूस पलंगावरून उठून जाताना आणि येताना दोन्ही वेळा दिवा पेटवतंय ना, हे स्वतः उभं राहून तपासा.

पाऊलवाट

एलडीआरच निघाला. नळी चढवली, आता चालणं चालू असेपर्यंत दिवा चालू राहतो. पाय १ आधीपासून धनालाच होता. दुसरा दिवा पलंगाजवळ लावणार आहोत, त्यावर हेमाडपंती यांची हळूहळू मंदावणारी जोडणी करायची असं भावजींनी ठरवलंय. त्यांचा प्रश्न: १०० मायक्रोफॅरडऐवजी ४७ चा घेतला तर पलंगाजवळ पुरेल का?

हेमाडपंती

पुरेल. पाऊण मिनिटाच्या आतबाहेर मिळेल, आणि प्रत्येक हालचालीला परत भरत राहील. कमी वाटला तर काढू नका, शेजारी दुसरा ४७ चा समांतर लावा. कपॅसिटरचं ऋण टोक ऋणालाच जोडलंय हे सेल घालण्याआधी एकदा पाहून घ्या.